उघडं दार

स्वच्छतागृहात साबण दिसला, की परदेशी पाहुणे येणार हे आमच्या कारखान्यात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या दिवशी साबण होता, पंखे पुसलेले होते आणि मागच्या जिन्याच्या दाराचं कुलूपही काढलं होतं. एरवी शर्ट चोरीला जातील म्हणून ते दार बंद. दोन वर्षांपूर्वी आग लागली, तेव्हा माझ्या वहिनीची धाकटी बहीण त्याच दाराशी गुदमरून गेली.

आमचे शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीची बाई नेमकी वहिनीच्या मशीनपाशी थांबली. सोबतच्या दुभाष्याने विचारलं, "हे दार नेहमी उघडं असतं ना?" मागे सुपरवायझर बत्तिशी दाखवत उभा होता.

शेजारच्या मशीनवरून मी पायानेच वहिनीचा पाय दाबला. तिने जुमानलं नाही.

"आज उघडलंय. तुमची गाडी वळली की लागेल कुलूप. माझी बहीण मेली तिथं."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीचा हात हातात घेऊन तिने तिच्या धाडसाचं कौतुक केलं आणि ती गेली. महिन्याभरात ऑर्डर बंद, कारखान्याला टाळं. जिवाशी खेळणाऱ्यांकडून आम्ही माल घेत नाही, म्हणे! दर हंगामात भाव पाडून घेताना कुठे गेला होता हा कळवळा? त्यांनी हात झटकले आणि इकडे आमच्या चुली विझल्या. बायका वहिनीला तोंडावर म्हणाल्या, "गप्प बसली असतीस तर काय जीभ झडली असती?" माझी आई तर तिच्याशी बोलेचना.

शेवटी आम्हा दोघींना एका पत्र्याच्या शेडमध्ये शिवणकाम मिळालं. एकच दार, खिडकी औषधालाही नाही. पहिला शर्ट हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. कॉलरवर त्याच कंपनीची पट्टी! दलालामार्फत आलेलं काम. इथे कोण बाई रडायला येणार होती?

"वहिनी, तेच शर्ट गं!"

"दिसलं मला."

ती उठली. आपलं पायमशीन ओढत ओढत तिने थेट उंबऱ्याशी नेलं आणि दाराच्या फळीला पाठ लावून बसली.

मालक खेकसला, "ए बाई, दार लावायचंय मला!"

"लावा की. आधी मला उचला."

तो बराच वेळ शिव्या घालत उभा राहिला. वहिनीने सुईत दोरा ओवला आणि बाही शिवायला घेतली.