मला गुंडाळलं तो तास

मी गुंडाळफळा बोलतोय. भिंतीवरचा फळा नव्हे, त्याचं आणि माझं कधी पटलं नाही. तो एका जागी खिळलेला आणि मी काखेत बसून गावभर हिंडणारा. वर एक काठी, खाली एक काठी, मध्ये काळं जाड कापड आणि टांगायला दोरी, झालं माझं शरीर. पण या कापडाने जे पाहिलंय ना, ते ऐकलंत तर तुम्हीही तोंडात बोटं घालाल. मी तर अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. शिंप्याच्या मुलीला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी, म्हणजे बी.एड., घ्यावी लागते, आणि त्या कॉलेजात प्रत्येकाने आपापला गुंडाळफळा आणायचा असतो. विकत कशाला घ्यायचा, म्हणून बापाने मलाच शिवायला घेतलं. दुपदरी कापडाला काळा रंग दिला, वाळवला, पुन्हा दिला, कडा दुमडून दणकट टीप मारली. गळा नाही, बाही नाही, असलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही म्हणाला. मग कापडावर खुणा करायच्या खडूने माझ्यावर एक रेघ ओढली. ती उमटली तेव्हा बापलेक दोघंही हसले.

त्या दुकानात दोन मशीनं होती. एक बापाचं. दुसरं भिंतीलगत झाकलेलं, मुलीसाठी ठेवलेलं. मला तिच्या हातात देताना बाप म्हणाला, ‘दोन वर्षं शीक, बाळा. जमलं तर चांगलंच. नाही जमलं तर हे मशीन आहेच.’

माणूस मायेनेच बोलला, पण मुलीचा चेहरा पडला. तिला शिवता येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. मशीनवर बसलं की दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. तेच आपल्याला आवडू लागेल, याची तिला धास्ती होती. कारण ती होती कमालीची अबोल, आणि निघाली होती जन्मभर बोलण्याची नोकरी करायला.

कॉलेजात गेलो आणि पहिल्याच दिवशी हादरलो. तिथे सूक्ष्मपाठ नावाचा प्रकार असतो. एकाने पाच-सात मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्या होतकरू शिक्षकांनी समोर आठवीतली मुलं होऊन बसायचं. अहो, मिशा राखलेला बाप्या उभा राहून तक्रार करतो की, मॅडम, यानं माझी पेन्सिल घेतली! वर्गात एक काकू होत्या. सगळ्यांत मोठ्या, घरी दोन मुलं, म्हणून सगळे त्यांना काकूच म्हणत. त्या पहिल्या बाकावर बसून शेजारणीचे केस ओढत होत्या. आणि मागे मार्गदर्शक मॅडम हे सगळं गंभीर चेहऱ्याने टिपून घेत होत्या. म्हटलं, हे शिक्षकांचं कॉलेज आहे की येड्यांचा बाजार?

मग आमच्या मुलीची पाळी आली. तिने सगळं पाठ केलेलं होतं. पहिलं गुड मॉर्निंग, मधला प्रश्न, कुठे हसायचं, कुठे खडू उचलायचा, सगळं. इंग्रजी असं घडाघडा सुरू झालं की माझी छाती फुगली. तेवढ्यात काकूंनी हात वर केला आणि आठवीतल्या व्रात्य पोरीच्या आवाजात विचारलं, ‘मॅडम, हे शिकून काय उपयोग?’

हे टाचणात, म्हणजे पाठाच्या लिहून आणलेल्या आराखड्यात, नव्हतं. मुलीची दातखीळ बसली. ती वळली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. जणू उत्तर माझ्यावर लिहिलंय. माझ्यावर कुठलं असायला? दोन शब्द आणि एक बाण, एवढंच होतं. मॅडमनी बसा म्हणेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ संपल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘मुलं तुमचं टाचण वाचून येत नाहीत.’

त्या दिवसापासून वर्गाने तिचं नाव टेप ठेवलं. बटण दाबलं की सुरू, मध्येच थांबवलं की बंद.

तिने त्यावर उपाय काय काढला? बोलायची सवय करायची सोडून ती माझ्यावर जास्त लिहायला लागली. शब्दार्थ लिही, चित्रं काढ, प्रश्न लिही, सारांश लिही. घरून निघतानाच मी या काठीपासून त्या काठीपर्यंत भरलेला असायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. हिची जीभ म्हणजे मीच, असं मला वाटायला लागलं. काखेतून जाताना मी रस्त्याकडे असा तोऱ्यात बघायचो!

पुढे खऱ्या शाळेत सरावपाठ सुरू झाले आणि मला दुसरा धक्का बसला. काकूंनी तिला एक युक्ती सांगितली. वर्गाला आधीच बजावायचं: प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मागे बसलेल्या निरीक्षकांना काय दिसतं, तर हातांचं रान माजलंय. केवढे खूश व्हायचे ते! मी समोरून बघायचो ना, मला डावे-उजवे सगळे दिसायचे. म्हटलं, असल्या लबाड्या करणारी ही माणसं उद्या पोरांना खरं बोला म्हणून सांगणार.

पण हे काहीच नव्हे, असा प्रकार शेवटच्या पाठाला होतो. त्या पाठाला बाहेरचे परीक्षक येतात आणि पदवी त्यावर अडलेली असते. म्हणून आदल्या दिवशी त्याच वर्गात, त्याच पाठाची तालीम घेतात. कुणी कितवं उत्तर द्यायचं, ते बाकांच्या क्रमाने वाटून देतात. सगळेच घेतात. मिशीवाल्याने घेतली, काकूंनी घेतली, आमच्या मुलीनेही घेतली.

धडा होता दीपगृहाच्या राखणदाराचा. म्हातारा समुद्रकाठच्या दीपगृहात राहतो, सोबत त्याची लेक. वादळात दिवा फुटतो. मग लेक जहाजांना वाट कळावी म्हणून रात्रभर घंटा वाजवत राहते. एवढीच गोष्ट. पहिलं उत्तर पहिल्या बाकावरच्या वेणीवाल्या मुलीचं. दुसरं तिच्या शेजारणीचं, तिसरं मागच्या चष्मेवाल्याचं, चौथं त्याच्या मागच्या ढोल्याचं. आणि शेवटी पाचव्याने उठून सगळ्या वर्गातर्फे आभार मानायचे. पोरं बेटी हुशार. प्रश्न ऐकायची गरजच नाही, आधीचा बसला की आपण उठायचं, हे त्यांनी पक्कं धरलं.

परीक्षेच्या दिवशी बाप दुकान बंद ठेवून शाळेच्या फाटकापर्यंत आला. माझ्या दोरीची गाठ ओढून पाहिली आणि परत गेला.

परीक्षक म्हातारे होते, खोकला झालेले. शेवटच्या बाकावर बसले. मार्गदर्शक मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या. मी खिळ्याला टांगलेलो, काठोकाठ भरलेला. समोर बघतो तर काय, पहिल्या बाकावरच्या वेणीवालीची जागा रिकामी! मला तोंड असतं तर ओरडलो असतो. आमच्या मुलीनेही पाहिलं असेल, पण तिचं बटण दाबलं गेलं होतं.

तिने इंग्रजीत विचारलं, राखणदार कुठे राहत होता? शेजारीण टुणकन उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘हिज डॉटर, मॅडम.’

आता ही थांबेल, सावरेल, असं मला वाटलं. पण टेप कुठली थांबायला? पुढचा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. त्याच्यासोबत कोण राहायचं? चष्मेवाला म्हणाला, दिवा. वादळात काय फुटलं? ढोल्या म्हणाला, घंटा. मुलीने रात्रभर काय वाजवलं? पाचवा उठला, हात जोडले आणि म्हणाला, ‘थँक यू, मॅडम. वी एन्जॉइड द लेसन व्हेरी मच.’

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या अंगावरची अक्षरं पुसली जातील इतका मला घाम फुटायचा बाकी होता. दोन वर्षं पाण्यात गेली, मी मनात म्हटलं. भिंतीलगतचं ते झाकलेलं मशीन मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आणि मग तेच झालं. ती वळली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. इतकी जवळ की तिचा श्वास मला लागत होता. मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, वाच गं पोरी, काहीही वाच, सगळं आहे माझ्यावर. सारांश वाच, शब्दार्थ वाच.

तिने हात पुढे केला, माझी खालची काठी धरली आणि मला गुंडाळायला लागली.

मला! ज्याला बापाने शिवलं, ज्याच्यावर ती दोन वर्षं जगली, त्याला भर परीक्षेत, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत! माझी तर मतीच गुंग झाली. दोरी आवळली आणि कोपऱ्यात उभं केलं. आता मला काही दिसेना, नुसतं ऐकू येत होतं.

तिची पावलं गेली ती टेबलाकडे नाही, पुढच्या बाकाकडे. बाक करकरला. ती वेणीवालीच्या जागेवर जाऊन बसली होती! आणि जणू दुसरा दिवस उजाडलाय अशा थाटात, आठवीतल्या पोरीच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाली, मला ताप होता, मी काल घरी होते. काय काय झालं धड्यात, मला सांगा ना.

मला एकदम ते कॉलेज आठवलं, केस ओढणाऱ्या काकू, पेन्सिलवाला मिशीवाला. तो खुळेपणा हिने इथे आणला होता, पदवीच्या परीक्षेत.

बाकं कुरकुरली, कुजबुज झाली. मग कुणीतरी खुदकन हसलं. मग शेजारीण हळूच म्हणाली, ‘देअर वॉज अ मॅन.’ मागून कुणीतरी म्हणालं, ओल्ड मॅन. लगेच तिसरा, मोठा समुद्र. चौथा, वादळ, आणि वादळाचा आवाजच काढून दाखवला. काय ते इंग्रजी! क्रियापदं कुठे, कर्ता कुठे, कशाचा कशाला मेळ नाही. मी कोपऱ्यात नखशिखांत शहारत होतो. पण पोरं थांबेनात. एकमेकांना दुरुस्त करत होती, शब्द अडला की तोंडाने आवाज काढत होती, बाकांवर हात आपटून घंटा वाजवत होती. तेवढ्यात ‘वेणीवाली’ने विचारलं, पण ती लेक रात्रभर घंटा का वाजवत बसली? जहाजं काय तिची होती?

हे टाचणात नव्हतं. तालमीतही नव्हतं. बाकं बडवणं थांबलं. आणि तो ढोल्या, ज्याने मघाशी दिवा म्हणायचं सोडून घंटा फोडली होती, तो सावकाश म्हणाला, ‘समबडी इज कमिंग होम, मॅडम.’

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मग परीक्षकांचा खोकला जवळ आला. त्यांनी विचारलं, ‘काल तालीम घेतली होतीत?’

‘हो, सर.’

‘आणि हे नंतरचं? ते तर टाचणात नाही.’

‘नाही, सर. ती मुलगी खरंच आजारी आहे. उद्या आली की तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.’

ते खोकत निघून गेले. मार्गदर्शक मॅडम जवळ आल्या, मला वाटलं आता हिची खरडपट्टी निघणार. त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, तिच्या काखेत दिलं आणि चहा प्यायला चल म्हणाल्या.

निकाल लागेपर्यंत त्या घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पास झाली. गुण बेताचेच, तालमीचे कापलेले असणार आणि बरोबरच आहे. पण त्याच शाळेत लागली. आठवीला, नववीला इंग्रजी शिकवायला लागली. मला मात्र तिने पुन्हा वर्गात नेलं नाही. मी रुसलो. साहजिकच आहे, माझ्या जागी तुम्ही असता तर?

एके दिवशी बापाने मला उचललं, झटकलं आणि भिंतीलगतच्या दुसऱ्या मशीनवर पसरलं. माझ्या दोन्ही काठ्या दोन बाजूंना सोडल्या. त्या दिवसापासून मी त्या मशीनचं झाकण आहे. माझ्याखालचं ते मशीन कुणी उघडलं नाही. बाप येता-जाता माझ्यावर हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की, पोरगी इंग्रजीची बाई आहे. वर्षं लोटली, हळूहळू माझा रुसवा गेला.

हे सगळं आज सांगायचं कारण, कालच दुकानाच्या दारात एक तरुण मुलगी आली. बी.एड. करतेय, विषयही इंग्रजीच. परवा पहिला सरावपाठ, बाईंचा गुंडाळफळा मिळेल का म्हणाली. आमची मुलगी, आता बाईच म्हणायला हवं, समोरच बसलेली होती. ओळखलं नाहीत ना बाई, तुम्ही शाळेत लागायच्या आधीच मी शाळा बदलली, असं म्हणत त्या मुलीने मागची वेणी पुढे घेतली.

‘त्या दिवशी मला ताप होता,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर कुणी मला खाली बसू देईना. सगळा वर्ग एकदमच धडा सांगत होता, आणि तोही इंग्रजीत.’

बाईला बोलता येईना. आता हिला काय म्हणावं, सगळ्या गावाला बोलायला शिकवते आणि स्वतःची अशी गत! शेवटी बापच उठला. मशीनवरून मला काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, दोरीची गाठ ओढून पाहिली.

तर आता मी एका नव्या काखेत आहे. हिचे हात घामेजलेत, ओठ पाठांतर करतायत, मला सगळं कळतंय. पोरी, तुला माझं एवढंच सांगणं आहे. लिही माझ्यावर हवं तेवढं, काठोकाठ लिही, मला चालेल. पण समोरचं एखादं पोर भलतंच बोललं आणि तुझा घसा बंद झाला, तर माझ्याकडे तोंड करून उभी राहू नकोस. माझ्याकडे काही नाही गं. मला गुंडाळ, आणि त्यांच्यात जाऊन बस.