बेअरिंगला टाचेचे तेल

मी वालावलची एक म्हातारी मोटार आहे. म्हातारी म्हणा, पण खटारा म्हणाल तर दार उघडणार नाही.

मित्रांनो, अप्पांनी मला कोरी करकरीत आणली, तेव्हा अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला कुंकू लावले होते. आंब्याच्या पेट्या, वऱ्हाडी, बाळंतिणी, सगळे मी वाहिले. अप्पा गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, सुदेशच्या तावडीत सापडले.

सुदेश मोबाईलवर बघून दुरुस्ती करतो. यंदा माझे पॉवर स्टिअरिंग जात्यासारखे जड झाले. त्याने गळकी नळी बदलली, नवे तेल घातले, हवा निघेपर्यंत स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवले. काम खरेच बरे झाले. तिथेच घात झाला. त्याला शिंगे फुटली.

मग माझे मागचे चाक घुं घुं करू लागले. पठ्ठ्याने नवे बेअरिंग आणले आणि ग्रीस विसरला. पुन्हा कुडाळला कोण जाणार? न्हाणीघराच्या फळीवर कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा होता, अक्का भेगाळलेल्या टाचांना लावते तो. तोच त्याने माझ्या बेअरिंगमध्ये कोंबला. शी! मला शिसारी आली. ज्याने टाचा चोळायच्या ते माझ्या अंगात?

आणि लगेच बायको नम्रता, लेक संचिता आणि अक्काला घेऊन स्वारी निघाली आंबोलीला!

सावंतवाडी सोडली तोवर चाक तापून तेल वितळले, गळू लागले. घाट पुढ्यात. चाक निखळले तर चौघेही दरीत. मी करकरून घसा फोडला, तर सुदेशने गाण्याचा आवाज वाढवला. मेला निर्लज्ज!

"रे सुदेशा, गाडी रडता मरे," अक्का म्हणाली.

"म्हातारी झाली गो आये, रडतली नायतर काय करतली?"

"म्हातारी मी पण आसंय. थांबव!"

अक्का उतरली, चाकाशी वाकली आणि तिने नाक मुरडले. "ह्यो वास माझ्या टाचांचो! काय घातलंस रे चाकात?"

"कोकमाचा तेल. घट्ट होता मा..."

"घट्ट तुझा डोक्या! संचिता, उतर खाली."

नम्रताने चाक हलवून बघितले. ते डुगडुगले. "घाटात निखळला असता तर ओ?" तिने विचारले. सुदेश पुटपुटला, "भंगारात घालूया हिका."

"भंगारात तुका घालीन," अक्का कडाडली. "गाडयेन सांगल्यान. तू आयकूक नाय."

दोरीने ओढत मला घरी आणले. किती ती शोभा! आता माझ्यात पुन्हा नवे बेअरिंग आहे, खरे ग्रीस आहे. सुदेश अजूनही हाताने दुरुस्ती करतो, पण त्यानंतरची पहिली फेरी एकट्याने मारतो. अक्काचा हुकूमच आहे तसा.

मित्रांनो, आपली गाडी आपण दुरुस्त करा, माझी ना नाही. पण जिला जे लागते तेच घाला, ती ओरडली तर गाणी बंद करा, आणि आपल्या हुशारीवर आधी आपण एकटे बसून बघा. लेकरांना मग बसवा.