भवानी झाल्याशिवाय

नागप्पाचा एक नेम होता. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे पडून भवानी होईपर्यंत गल्ल्यातून छदामही बाहेर काढायचा नाही. वडवणीच्या स्टँडसमोर त्याचं किराणा दुकान. दारात शाम्पूच्या रुपयावाल्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या, शेजारी नाणं टाकायचा लाल फोन आला, पण नेम काही हलला नाही. त्याची बायको शिवकांता तर तो देवाच्या वरताण पाळायची. लग्नाला सतरा वर्षं झाली, बाईनं गल्ल्याला बोट लावलं नव्हतं.

त्या सकाळी बीडची गाडी लागली आणि एक धनगराची बाई धापा टाकत दुकानापुढं येऊन थांबली. पाय घोट्यापर्यंत धुळीत.

"अक्का, पंधरा रुपये द्या. बीडला जायचं हाय. लेक बाळंतपनात अडली, पहाटं जीपमधी घालून नेली. मला जागाच उरली न्हाई. वाडीवरून चालत आले."

नागप्पानं मान वर केली नाही. "रोज एक येतंय. मागल्या बाजारी खिसा कापला म्हनून वीस रुपये नेले, अन् तो बाबा दारूच्या दुकानात सापडला."

ते शिवकांतालाही आठवलं. तिनं आवाज चढवला, "नाव काय गं तुझं? जावई कुठं हाय?"

"ताराबाई. जावई लेकीसंगं गेला, पैसे बी त्याच्याच खिशात. द्यायचे नसंल तर नका देऊ, पन उलटतपासनी कावून करता? गाडी चालली माझी!"

लबाड माणूस कसं गोड बोलतं. ही तर भांडायलाच उठली होती! शिवकांताचा संशय तिथंच गेला.

"अवो, द्या तिला."

"भवानी झाली न्हाई."

ड्रायव्हर गाडीत चढला. शिवकांताच्या कनवटीला आठाणे होते, तेवढेच. तिनं ते फळीवर आपटले. "काडीपेटी द्या मला. घ्या, झाली भवानी. आता काढा पंधरा."

"घरच्या बाईची कुठं भवानी असती?"

तेवढ्यात सुंदरराव मास्तर आले, पाव किलो साखर घेतली, रोख पैसे देऊन गेले.

"आता?" शिवकांता म्हणाली.

नागप्पा चक्क हसला. "आता काय? आपून धर्मशाळा उघडली व्हय? भवानीचं नाव सांगितलं की मानूस निमूट जातंय, भांडन न्हाई, तंटा न्हाई. सतरा वर्षांत तुला एवढं बी कळलं न्हाई?"

आग लागो त्या हसण्याला! शिवकांताच्या डोळ्यापुढं अकरा वर्षांमागची सकाळ उभी राहिली. धारूरहून निरोप आला होता, बाप शेवटच्या घटका मोजतोय. ती पिशवी घेऊन याच फळीपाशी उभी होती. भवानी होऊ दे, मग देतो, असं हाच म्हणाला होता. गिऱ्हाईक आलं नाही, पहिली गाडी गेली. ती दुपारी पोचली तेव्हा बापाला माती देऊन लोक परतत होते. अकरा वर्षं तिनं शिव्या दिल्या त्या न आलेल्या गिऱ्हाइकाला आणि स्वतःच्या नशिबाला. नवऱ्याला एकदाही नाही.

बाहेर गाडी सुरू झाली. शिवकांतानं फळीवरून हात घालून गल्ला खसकन ओढला. आत कालच्या बाजाराच्या नोटा दाबून भरलेल्या. तिनं वीसची उचलली, ताराबाईचा दंड धरला आणि पळत जाऊन गाडीपुढं आडवी उभी राहिली.

"बाई, मरायचं हाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"हिला घे आधी!"

ताराबाईच्या मुठीत तिनं नोट कोंबली. ती काही बोलणार होती, तर शिवकांताच खेकसली, "चढ गं! लेकीकडं जा!"

ती परत आली तेव्हा नागप्पा तसाच उभा होता. "गल्ल्याला हात लावलास तू?"

"माझा बाप गेला त्या सकाळी गल्ल्यात पैसे होते का न्हाई?"

"जुनं कशाला उकरून..."

"होते का न्हाई?"

नागप्पानं साखरेच्या पोत्याचं तोंड बांधलं. पुन्हा सोडलं. "होते," तो म्हणाला.

शिवकांतानं त्याच्या देखत गल्ला पुन्हा ओढला, धारूरच्या भाड्याचे पैसे घेतले आणि स्टँडवर गेली. गाडीला अजून तासभर होता. ऊन चढलं, तरी ती दुकानाच्या सावलीला आली नाही.