भोपळ्याखालचा वजनकाटा

वटवाघळांच्या घरामागच्या खोलीत मोजून इतक्या गोष्टी होत्या: दूध पाजायच्या चार सिरिंजा, सात मऊ फडकी, एक उबदार पेटी, त्या पेटीत वटवाघळाचे एक पिल्लू आणि टेबलावर मी. मित्रांनो, मी तिथला जुना वजनकाटा.

पाच किलोपर्यंतचे वजन ग्रॅमपर्यंत अचूक सांगता यावे, म्हणून कारखान्यात मला दोन दिवस तपासले गेले. मग मी मँचेस्टरजवळच्या या छोट्या प्राणिसंग्रहालयात आलो. नऊ वर्षांत मी कासवे तोलली, घुबडे तोलली. कोणी कौतुक केले नाही, पण माझ्या आकड्यावर शंकाही घेतली नाही. मला तेवढे पुरे होते.

पिल्लू आईच्या अंगावरून पडले होते आणि आई त्याला परत घेईना. पुण्याहून इथे शिकायला आलेली आणि इथेच नोकरीला लागलेली आसावरी त्याला दूध पाजायची. रोज संध्याकाळी साडेपाचला ती त्याला माझ्यावर ठेवी. रोज निदान एक ग्रॅम वाढ हवी; नसली तर त्याच दिवशी डॉक्टर, असा नियम होता. आणि दर सोमवारी माझ्यावर शंभर ग्रॅमचे प्रमाण वजन ठेवून माझी परीक्षा.

गुरुवारी पिल्लू अठ्ठावन्न ग्रॅम भरले. त्याच संध्याकाळी, फाटक बंद झाल्यावर, आमच्याकडे हॅलोवीनची पार्टी होती, फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. कार्यक्रमांचे काम बघणारा प्रणव हाडांच्या सापळ्याचा वेश करून आला.

"आसावरी, तुझा काटा दे ना प्लीज. भोपळ्याचं वजन ओळखायचा गेम आहे आणि आमचा काटा आलाच नाहीये."

"सापळ्याला एवढं पोट असतं का रे?" ती हसली. "पिल्लाचा काटा आहे तो. पाच किलोच्या वर काही ठेवायचं नाही."

"अगं, छोटासा आहे भोपळा. प्रॉमिस."

भोपळा खरेच छोटा होता. चेटकिणी आणि भुते हातात ग्लास घेऊन माझ्याभोवती जमली. आकडा उमटताच टाळ्या पडल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या! खोटे कशाला सांगू, मी सुखावलो. मग एका चेटकिणीने विचारले, "आणि तो मोठा?" दाराशी शोभेला ठेवलेला अवजड भोपळा दोघांनी उचलला आणि प्रणव "नको, नको" म्हणेपर्यंत माझ्यावर ठेवलासुद्धा.

माझ्या आत काहीतरी वाकले. आवाज झाला नाही. भोपळा उतरवल्यावर मी शून्य दाखवले, म्हणून प्रणवने मला पुसून गुपचूप जागेवर नेऊन ठेवले.

रिकामा असताना मी शून्यच दाखवी, पण वाकलेला भाग रोज थोडा आणखी ढळत गेला आणि वजन ठेवले की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ लागला. शुक्रवारी मी एकोणसाठ दाखवले, शनिवारी साठ, रविवारी एकसष्ट. पिल्लू दूध पिता पिता मध्येच झोपून जाते, हे आसावरीने पाहिले होते. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून तिने मलाच खरे मानले. तिला थांबवावेसे फार वाटले. पण मला आकड्यांचीच भाषा येते आणि तीच बिघडली होती.

सोमवारी तिने प्रमाण वजन ठेवले. मी एकशे सतरा दाखवले. ती पिल्लाला घेऊन धावतच डॉक्टरांच्या काट्याकडे गेली. तिथे ते एकावन्न ग्रॅम भरले.

"प्रणव, काट्यावर काय ठेवलं होतंस?"

"मोठा भोपळा... एकच सेकंद गं. शून्य दाखवत होता, मला वाटलं ठीक आहे. सांगायला हवं होतं मी."

"मी तरी कुठे तपासला?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "सोमवार नव्हता ना."

त्या रात्री डॉक्टरांनी दर दोन तासांनी दूध पाजायला सांगितले. आसावरी पाजत होती, प्रणव सिरिंजा धुऊन देत होता. मी फळीवर पालथा पडलो होतो.

मित्रांनो, ओझे पेलायची प्रत्येकाची एक हद्द असते आणि ती ओलांडल्यावर मोडल्याचा आवाज येईलच असे नाही. उसनी नेलेली वस्तू परत ठेवताना तिचे काय झाले ते मोकळेपणाने सांगा, आणि परत घेणाऱ्याने ठरलेल्या वाराची वाट न पाहता ती तपासावी. टाळ्यांनी हुरळून गेलेल्या माझ्यासारख्याचे एवढे ऐका.

मंगळवारी साडेपाचला आसावरीने डॉक्टरांच्या काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला.

बावन्न ग्रॅम.