अक्षराचे वाळे अन् माझ्या दोन रेघा

दोस्तांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. आपलीच चूक कोण सांगतं? पण आता ऱ्हावत न्हाई, सांगतोच!

मी जळकोटच्या एका अंगणवाडीतला, लेकरांचं वजन करायचा जुना झोळीचा काटा हाय. माझ्या झोळीत कितीतरी लेकरं मोठी झाली. रुद्रेशबी त्यातलाच. मग सेलवरचा नवा काटा आला अन् मी गेलो खुंटीवर. धूळ खात. चार महिन्यांमागं त्याचे सेल संपले! अंगणवाडी चालवणाऱ्या सिंधुताईनं मला पुसलं, टांगलं. काय आनंद झाला म्हणू!

पहिली आली अक्षरा, रुद्रेशची दीड वर्षाची बहीण. पंधरा दिवस झाले जुलाब, त्यात रक्त. मी दाखवलं आठ किलो. मागल्या महिन्यातबी आठच होतं.

"बघा, उतरली न्हाई," तिची आई महानंदा म्हणाली. "दात येऊन राहिले. न्हाईतर रुद्रेशची अर्धी गोळी देती. त्याच्याबी आतड्याला सूजच होती. आता बघा, रेडा झालाय!"

तेरा वर्षांचा रुद्रेश हसला न्हाई. अक्षराच्या पायाकडं बघत राहिला.

"आई, मामानं दिलेले हे भरीव चांदीचे वाळे मागल्या महिन्यात कुठं होते तिच्या पायात? काढ ते."

"तुला रे काय कळतं?"

"कळतं. वजन उतरलं की दवाखान्यात सुई टोचायचे, ती चुकवायला मी वजनाला जाताना खिशात कुलूप ठेवायचो."

"गुलामा!"

वाळे निघाले. माझी सुई दोन रेघा खाली! दोनशे ग्रॅम! म्हणजे मी खोटं बोललो होतो.

सिंधुताई ताडकन उठली. "गोळी अजिबात नको. आत्ताची बस धरा, लातूर गाठा."

तिथले डॉक्टर म्हणाले, "बरं झालं गोळी दिली न्हाई. आतड्याच्या सुजेचा हा आजार मोठ्या लेकरातला अन् इतक्या लहानीतला, सारखा धरायचा न्हाई. दोन वर्षांच्या आत झाला तर शरीराच्या राखणीतच, म्हणजे रोगाशी लढायच्या ताकदीतच, जन्माचा दोष असू शकतो. रक्त तपासू, मग औषध ठरवू."

रक्त तपासायला लांब गेलं, तसाच दोष सापडला, त्यावरचं वेगळं औषध सुरू झालं.

अन् आज? अक्षरा आली, पाय मोकळे, झोळीत नाचून राहिली! आठ किलो सहाशे! महानंदा रडली, हसली, परत रडली.

रुद्रेशनं माझ्या पाठीवर थाप मारली. "दोस्ता, परत फसू नको."

न्हाई फसणार, रुद्रेश. वाळे काढायचं काम तुझं, खरं दाखवायचं माझं. एक रेघ जरी घसरली तरी लपवणार न्हाई. शब्द हाय.