पूर्वेचा उतार

इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये दुपारचे चार वाजले होते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे आठ. अनुया तिथल्या एका हिमनद्यांनी वेढलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरून फोन करत होती. बाजूला तिचा मित्र इताय स्कीज चढवत होता. आता दोघं पूर्वेच्या खड्या उतारावरून खाली सुटणार होते.

"आईबाबा, आशीर्वाद द्या पटकन!"

वॉटफर्डच्या घरी शशिधररावांचे डोळे लॅपटॉपवर होते. सारी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेलेली. डोंगर त्यांनी पुस्तकातच पाहिलेले. पण पूर्वेच्या उतारावरच्या हवामान केंद्राचे आकडे समोर होते. रात्रभर पारा एकदाही शून्याखाली उतरला नव्हता. म्हणजे तिथलं बर्फ पुन्हा घट्ट गोठलंच नव्हतं, आणि आता त्यावर ऊन पडलं होतं. असं ओलं बर्फ कधीही सुटून कोसळतं, हे त्यांनी वाचलं होतं.

"बर्फ कसं आहे गं?"

"एकदम कडक, काचेसारखं! आम्ही नॉर्थनं चढलो ना."

"आणि पूर्वेकडे?"

"बाबा, तुम्ही हॅरोच्या मॉलमध्ये एस्केलेटरलाही घाबरता!"

"अहो, निघताना टोकू नका तिला," अलकाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. निघालेल्या माणसाला त्यांच्या घरात कधी कुणी अडवलं नव्हतं, मागून हाक मारली नव्हती. शिवाय आपण कोण सांगणारे, शशिधररावांना वाटलं. चार पुस्तकं वाचलेला म्हातारा. तिनं आकडे पाहिलेच असतील.

"सांभाळून," एवढंच ते म्हणाले. फोन बंद झाला.

दहा मिनिटं ते स्वतःशीच भांडले. पडद्यावरचा तापमानाचा आकडा पाचावर गेला, तेव्हा त्यांनी फोन लावलाच.

"काय बाबा?" तिला धाप लागली होती. "मी मध्येच थांबलेय. इताय पुढे गेला."

अडखळत, दोनदा माफी मागत त्यांनी सगळं सांगितलं.

"हं. स्कीज पार बुडतायत," ती म्हणाली. थट्टेचा सूर गेला होता. "वर होते तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू निघाली होतीस, बाळा."

"आता परत वर नाही जाता येणार. खूप स्टीप आहे."

"फोन चालू ठेव."

तिनं तो खिशात टाकला असावा. कापडाची सळसळ आली, मग ओल्या बर्फातून स्कीजचा लांब सर्र आवाज. वळणाला क्षणभर शांतता. पुन्हा सर्र. अलकाताई नवऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

मग खूप वरून कुठूनतरी बर्फ सुटल्याची घरघर सुरू झाली, आणि सर्र आवाज आता वळणालाही थांबेनासाच झाला.