पाहुण्यांच्या खोलीतली शिट्टी

मी एक जुनी नारिंगी शिट्टी आहे, मित्रांनो. इस्तंबूलच्या कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा कानठळ्या बसवायची केवढी हौस होती मला! पण नशिबी आली ती भूकंपासाठी भरून ठेवलेली पिशवी.

लेक इलक्नुरने ती आईसाठी, नेरिमानबाईंसाठी आणली. "आई, ही दाराशीच ठेव. आणि ते काचेचं कपाट भिंतीला स्क्रूने आवळून घे."

"दाराशी? लोकांना वाटेल, आम्ही पळायच्या तयारीत बसलोय! आणि नव्या वॉलपेपरला भोकं पाडू? काहीतरीच तुझं!"

झालं. पिशवी गेली पाहुण्यांच्या खोलीत, कपाटाच्या पायाशी. ही खोली ईदखेरीज उघडत नसे. किल्ली साखरेच्या डब्यात. एका ईदला पाहुण्यांना खाऊ कमी पडला म्हणून पिशवीतलं पाणी आणि बिस्किटं निघाली. मी राहिले. तीन वर्षं अंधारात, तोंड असून मुकी. जीव गुदमरून जायचा.

ईदच्या आदल्या दुपारी बाई खोली झाडायला आल्या आणि जमीन हादरली. कपाट कोसळलं, सोफ्यावर अडकलं, बाई खाली सापडल्या. पाय दबलेला, घशात धूळ, आवाज फुटेना. आता आम्ही दोघी कोंडलेल्या. चाचपडत त्यांच्या हाताला पिशवीचा बंद लागला. चेन अर्धी उघडून अडकली. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मग दोन बोटं आत आली.

मी जीव तोडून वाजले.

"नेरिमानताई! वाजवत राहा, थांबू नका!" शेजारचे हिकमेत घराच्या बंद दारापलीकडून ओरडले, आणि त्यांनी दार फोडलं.

बाई वाचल्या. येईल त्याला मला दाखवायच्या, "हिने जीव वाचवला हो माझा!" मला वाटलं, आता मी त्यांच्या उशाशीच राहणार.

पुढच्या ईदच्या आधी दार दुरुस्त झालं, कपाट नव्या काचा लावून जागेवर उभं राहिलं.

"आई, स्क्रू?" इलक्नुरने विचारलं.

"ईद होऊ दे गं, मग बघू."

बाईंनी मला ओठांना लावलं, कपाळाला टेकवलं, आणि मधल्या फळीवर, सोनेरी काठाच्या चहाच्या पेल्यांमध्ये मानाने ठेवलं. मग कपाट लावलं. खोलीही.

रस्त्यावरून ट्रक गेला की पेले किणकिणतात आणि मी थरथरते. मित्रांनो, मला मान नको आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला आजच बाहेर काढा, हाताशी ठेवा.

माझी किल्ली अजून साखरेच्या डब्यातच आहे.